आज आवतण घ्या, उद्या जेवायला या

आमच्या घरी सणाच्या जेवणात कोणी कोणाचे आभार मानल्याचे मला आठवत नाही. ‘आभार’ हा शब्द सभेच्या शेवटी माईकवरून उच्चारायचा, घरात नव्हे, अशीच आमच्या आजोबांची समजूत असावी. तरीही ज्याच्या कष्टावर आपले वर्ष निघते त्याला ते सांगायचे कसे, याची एक रीत आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या, आर्वीकडच्या गावात मी लहानपणापासून पाहत आलो आहे, आणि ती पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी गोठ्यात सुरू होते.

पोळा श्रावणातल्या अमावस्येचा. पश्चिम महाराष्ट्रात बैलांचा सण बेंदूर म्हणून आषाढातच होऊन जातो. आमच्याकडे मात्र पेरणी होऊन, कपाशीतल्या डवरणीचे, म्हणजे ओळींमधले तण काढण्याचे, फेर उरकत आले आणि बैलांच्या मानेवरचे जू थोडे विसावले, की मग पोळा येतो. त्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. वर्षभर जू घासून बैलाच्या खांद्याची कातडी निबर झालेली असते, कुठे सोलवटलेली असते. त्या जागी हळद कालवलेले कोमट तूप पळसाच्या पानाने चोळायचे आणि चोळता चोळता बैलाच्या कानाशी म्हणायचे, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ एरवी ज्या बैलाला आजोबा दिवसभर अरेतुरेच करीत, त्याला त्या एका वाक्यापुरते अहोजाहो होई. मला वाटते, पोळ्याचे सगळे मर्म त्या ‘घ्या’ आणि ‘या’मध्ये आहे. या सणाला बाहेरून पाहुणा येत नाही. जो रोज दावणीलाच बांधलेला आहे त्याला रीतसर निमंत्रण देऊन एक दिवस पाहुणा करायचे असते.

आमच्याकडे गवळाऊ बैलांची एक जोडी असे. गवळाऊ हे वर्ध्याकडचेच वाण, अंगाने सडपातळ आणि चालीला चपळ. बैल बदलत, पण नावे बदलत नसत. उजवीकडे जुंपायचा तो ढवळ्या आणि डावीकडचा पवळ्या, मग त्याचा रंग कोणताही असो. पोळ्याच्या दिवशी त्यांना नदीवर न्हाऊ घालून शिंगे रंगवीत, बाशिंग बांधीत, पाठीवर झूल टाकीत, नवी वेसण आणि नवा कासरा घालीत. दुपार कलली की गावातल्या सगळ्या जोड्या मारुतीच्या देवळासमोर आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेने उभ्या राहत. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणाऱ्यांची चढाओढ लागे, प्रत्येक झडतीच्या शेवटी ‘एक नमन गौरा पार्वती, हर हर महादेव’चा गजर होई आणि मानाची जोडी तोरणाखालून निघाली की पोळा फुटला म्हणत सगळे घरोघर पळत. दारात आई बैलांच्या पायांवर पाणी घाली, ओवाळी आणि पितळी परातीतल्या पुरणपोळ्या त्यांच्यापुढे धरी. त्या परातीला बैलांचे तोंड लागेपर्यंत घरातले कोणीही, अगदी रडणारे पोरसुद्धा, पुरणाला हात लावीत नसे.

बैलांनंतरचा मान सालदारांचा, म्हणजे सालाने शेतात राबणाऱ्या गड्याचा. आम्ही मुले त्यांना मामा म्हणत असू. त्या दिवशी त्यांना नवे धोतर आणि बंडी मिळे, जोडी घेऊन घरोघर फिरल्यावर जो बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे, जमे तो त्यांचाच असे, आणि जेवताना पहिल्या पंगतीत आजोबांच्या शेजारी त्यांचा पाट मांडलेला असे. कढी, भजी, वडे आणि तुपात बुडालेली पोळी आजोबा स्वतः आग्रहाने त्यांना वाढीत. हे आठवून मला पूर्वी अभिमान वाटे. आता तितका वाटत नाही, कारण वर्षाच्या उरलेल्या दिवशी मामांची भाकर गोठ्याच्या ओट्यावरच पोहोचवली जात असे आणि त्यात काही वावगे आहे असे घरातल्या कोणाच्या, माझ्याही, मनात आले नव्हते. एका दिवसाच्या पाटाने बाकीच्या दिवसांचा ओटा फिटतो असे मला वाटत नाही. पण तो एक दिवसही नसता तर मला ओटा दिसला असता का, हेही मी सांगू शकत नाही.

आजोबा गेल्यानंतर काही वर्षांनी बाबांनी जोडी विकली. नांगरणी, वखरणी भाड्याच्या ट्रॅक्टरवर होऊ लागली, मामा त्याआधीच मुलाकडे राहायला गेले होते. त्या वर्षी मातीच्या बैलांची पूजा करून भागवावे, असे बाबांच्या मनात होते. आजीने ते ऐकले नाही. उभ्या कपाशीच्या ओळींतली डवरणी त्या ट्रॅक्टरने होत नसे, त्यासाठी आम्ही शेजाऱ्यांची जोडी रोजाने लावीत होतो. तेव्हा ज्यांनी आपल्या वावरात पाय झिजवले त्यांना आवतण गेलेच पाहिजे, असे तिचे म्हणणे होते, आणि ती तुपाची वाटी घेऊन काठी टेकत शेजाऱ्यांच्या गोठ्यात गेली. तेव्हापासून आमचे पाहुणे भाड्याचे आहेत. अडचण एवढीच, की ते मालकाच्या घरून पोटभर जेवून येतात आणि आमच्या परातीतली पोळी नुसती हुंगून मान वळवतात. आजी असेपर्यंत ती त्यांना ‘एक तरी घ्या’ असा आग्रह करीत असे, अगदी व्याह्यांना करावा तसा.

त्याच दिवशी पिठोरी अमावस्या असते. संध्याकाळी आई पूजा करते, नैवेद्याचे ताट डोक्यावरून मागे धरते आणि मागे न पाहता विचारते, ‘अतीत कोण?’ अतीत म्हणजे अतिथी. मागे उभ्या असलेल्या मुलाने ‘मी’ म्हणून ताट घ्यायचे. म्हणजे इथेही तेच, घरचेच मूल दारी आलेल्या पाहुण्याच्या जागी उभे करायचे. बैल झाले, सालदार झाले, मुले झाली. आवतण मिळायचे राहते ते फक्त सकाळपासून पाट्यावर पुरण वाटणाऱ्या, चुलीपुढे बसलेल्या बायकांना. आजी आणि आई शेवटच्या पंगतीला बसत, कधी साडेतीनला, कधी चारला, आणि तोवर कढी आटलेली असे.

2025 साली पोळा 22 ऑगस्टला, शुक्रवारी होता. आम्ही आदल्या दिवशीच पुण्याहून पोहोचलो होतो. संध्याकाळी माझी नऊ वर्षांची मुलगी बाबांबरोबर शेजाऱ्यांच्या गोठ्यात गेली, दोन्ही बैलांचे खांदे चोळून आली आणि वाटीच्या तळाशी उरलेले तूप माझ्या आईच्या खांद्याला चोळत अगदी त्याच सुरात म्हणाली, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ बाबा हसले. आई रागावली, कारण पातळाला हळदीचा डाग पडला होता आणि हळदीचा डाग निघत नाही.

दुसऱ्या दिवशी आईला पहिल्या पंगतीला बसवण्याचा आम्ही पुष्कळ आग्रह केला, पण सगळ्यांना गरम पोळी मिळाल्याशिवाय ती उठेना. शेवटी तिच्या पंगतीच्या वेळी लाटणे मी घेतले. पहिली पोळी उचलताना फाटली, दुसरी तव्यावर फुटून पुरण करपले. आईने दुसरीच ताटात मागून घेतली, तूप घालून कालवली आणि म्हणाली, ‘ही बैलांना दाखवली असती तर त्यांनी हुंगलीही नसती.’