जुन्या फायबर बोटीची नोंद: ट्रान्समवरील बारा अक्षरे

मुंबईहून भंगाराच्या भावात आणलेली आमची चौदा फुटी बोट सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील शेडमध्ये उभी आहे. ती अमेरिकी बनावटीची असल्याचे विकणाऱ्याने सांगितले होते; कागद मात्र एकही मिळाला नाही. या आठवड्यात तिचे वय निश्चित झाले.

अमेरिकेत १ नोव्हेंबर १९७२ पासून बांधलेल्या बोटींवर बारा अक्षरांचा हल क्रमांक, म्हणजे बोटीच्या सांगाड्याचा ओळख क्रमांक, घालणे बंधनकारक झाले आणि तो ट्रान्समच्या, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भिंतीच्या, उजव्या बाजूस, वरच्या कडेजवळ असतो. आमच्या बोटीवर नेमक्या त्याच जागी निळ्या रंगाचे तीन थर होते. पहिल्या दिवशी मी जाड पॉलिश पेपर लावला आणि सहावे अक्षर जवळजवळ घालवले. ही चूक कोणी करू नये. नंतर बारीक वॉटर पेपर भिजवून हलक्या हाताने फिरवला. तरीही भर उजेडात काही दिसेना, तेव्हा ट्रान्समवर जुनी सोलापुरी चादर टाकून, आत डोके घालून बॅटरी अगदी आडवी धरली आणि खाचांच्या कडांना सावली पडताच अक्षरे एकेक करून उमटली. ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने ठसाही घेतला.

पहिली तीन अक्षरे निर्मात्याची, पुढची पाच अनुक्रमांकाची. घासलेले सहावे अक्षर शून्य, ओ की क्यू, असा प्रश्न पडला होता. परंतु अनुक्रमांकात आय, ओ आणि क्यू वापरत नाहीत, म्हणून ते शून्यच. शेवटी ‘एम ७९ एफ’ आहे. या जुन्या पद्धतीत ७९ हे मॉडेल वर्ष असून महिन्यांची अक्षरे ऑगस्टपासून सुरू होतात, त्यामुळे एफ म्हणजे जून नव्हे, तर जानेवारी १९७९. जानेवारीला ए धरण्याची पद्धत १९८४ नंतरच्या क्रमांकांची आहे.

जॉन्सन इंजिनाच्या पाटीवर मॉडेलच्या शेवटी ‘सीएन’ आहे. १९८० पासून ही कंपनी ‘इंट्रोड्यूसेस’ या इंग्रजी शब्दाच्या दहा अक्षरांना ओळीने १ ते ९ आणि ० मानून वर्ष लिहीत असे. त्यात सी म्हणजे ८ आणि एन म्हणजे २. म्हणजे इंजिन १९८२ चे, बोटीची मूळ जोडी नव्हे.

क्रमांकातून निर्माता कळला, मॉडेल अजून नाही. बोटीच्या आत किंवा एखाद्या फिटिंगखाली लपवलेला दुसरा हल क्रमांक १९८४ पासूनच सक्तीचा झाल्यामुळे त्यासाठी फिटिंग उचकटणार नाही. रविवारी लांबी, रुंदी आणि ट्रान्समची उंची मोजून त्या निर्मात्याच्या १९७९ च्या माहितीपत्रकाशी ताडून पाहणार आहे.