तुम्ही विचारलंत म्हणून: "मुलगा देव आहे कशावरून विचारतो, त्याला समजवा ना"

"ताई, पोरगं दहावीत गेलं आणि उपासनेला यायला कुरकुर करायला लागलं. देव आहे कशावरून, म्हणतं. तुम्ही तरुण संघ घेता, जरा समजवा ना त्याला." नगरच्या आमच्या चर्चच्या मंडळीत हे मला अनेक आयांनी विचारलंय. (वडीलही विचारतात, पण फोनवर.)

समजावण्याआधी मी त्याला बोलू देते. घरात असं विचारणारं मूल विश्वासापासून तुटलंय असं मी मानत नाही. मला काळजी वाटते ती काहीच न विचारता मागच्या बाकावर बसून राहणाऱ्याची. तो कॉलेजला पुण्याला गेला की त्याचा चर्चशी संबंध संपतो आणि तो का संपला हे कुणालाच कळत नाही.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातला येशूचा शिष्य थोमा आठवा. क्रुसावर मेलेला येशू पुन्हा उठला यावर, त्याच्या हातांवरच्या खिळ्यांच्या खुणा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही असं तो म्हणाला, आणि प्रभू त्याला भेटला तो आठ दिवसांनी. मधल्या दिवसांत बाकीच्या शिष्यांनी त्याला घालवून दिलं नाही. प्रभू आला तेव्हा तो त्यांच्यातच होता. तरुण संघात मुलांना एवढी जागा मिळावी, यासाठी माझी सगळी धडपड असते.

एका शनिवारी आम्ही बायबलमधलं तेरावं स्तोत्र वाचत होतो. नववीतल्या एका मुलीची आजी कॅन्सरनं नुकतीच गेली होती. सगळ्या मंडळीनं प्रार्थना केली होती. तिनं विचारलं, "मग आमचा विश्वास कमी पडला का?" एक मोठा मुलगा लगेच म्हणाला, "देवाची योजना असते." मी त्याला थांबवलं आणि स्तोत्राची सुरुवात पुन्हा वाचायला लावली. 'हे असं कोठवर?' असं दावीद तिथे देवालाच विचारतो, तू मला विसरलास का म्हणतो. ती म्हणाली, "देवाला असं बोललेलं चालतं?" मग सगळ्यांनी वहीत आपापलं 'कोठवर' लिहिलं. कुणाला वाचून दाखवायला लावलं नाही. तिनं दोन्ही बाजू भरून लिहिलं, कागद घडी घालून बायबलमध्ये ठेवला, आणि त्या दिवशी प्रार्थना तिनंच केली.

शिबिराच्या शेवटच्या रात्री दिवे मंद करून, गिटारवर हळू गाणं लावून 'ख्रिस्ताला स्वीकारायला कोण कोण पुढे येतंय' असं विचारणं मला अजिबात पटत नाही. चौदा वर्षांचं मूल मैत्रीण उठली म्हणून उठतं. सोमवारी वर्गात ती भावना ओसरली की आपला विश्वासच गेला असं त्याला वाटतं. निर्णय दिवसाउजेडी, घरच्यांशी बोलून घेता यावा.

आमच्याकडे मुलांशी बंद दाराआड एकट्यानं बोलायचं नाही, रात्री खासगी मेसेज करायचे नाहीत. मुलांनी सांगितलेलं मी घरी पोचवत नाही. पण कुणी त्रास देत असेल किंवा जिवाचं काही बरंवाईट होण्याची भीती असेल तर मी गप्प बसणार नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवते. लैंगिक अत्याचाराचं काही असेल तर ते कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) बंधनकारकच आहे.

शाळेत आपल्या मुलांना 'तुम्ही ख्रिश्चन, मग घरी इंग्रजी बोलता का?' असं विचारतात. आपल्या मुलांना मी मराठी कवी नारायण वामन टिळकांबद्दल सांगते. याच नगरमध्ये राहून त्यांनी अभंगांच्या चालीवर ख्रिस्ताची भजनं रचली. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा काही वर्षांनी झाला, तोही स्वतःचा विचार पूर्ण झाल्यावर. नवरा-बायको एकाच घरातले, तरी त्यांचा विश्वास एका दिवशी जुळला नाही. मग पंधरा वर्षांच्या मुलाला आपल्या वेळापत्रकात का बसवायचं?

तुम्ही घरी एवढं करा. 'चर्चला आला नाहीस तर मोबाइल मिळणार नाही' हे बंद करा. त्याला काम द्या. नाताळच्या कॅरोलला ढोलकी वाजवणारा आम्हाला हवाच आहे. आणि जेवताना कधीतरी तुमची एखादी प्रार्थना सांगा, जिचं उत्तर तुम्हाला अजून मिळालेलं नाही. त्याच्या बाबांनाही त्यांची सांगायला लावा. मुलांना आईबापांचा विश्वास रविवारच्या कपड्यांतच दिसतो. तो रोजच्या घरात कसा तगतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.