मिडी ट्रॅकचा आवाज एका पातळीवर आणताना

आमची गाण्याची पार्टी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस भागात हळदीचे, गणपतीचे, नवरात्रातल्या देवीचे आणि भीमजयंतीचे कार्यक्रम करते. बेस गिटार वाजवणारा पोरगा कामासाठी पुण्याला गेला तेव्हापासून बेस, व्हायोलिन, बासरी हे सगळं आम्ही मिडी ट्रॅकवर, म्हणजे कोणता सूर कधी वाजवायचा हे कीबोर्डला सांगणाऱ्या फाइलीवर घेतो. ढोलकी आणि ऑक्टोपॅड मात्र समोर वाजतात. एमपी३ ट्रॅक सोपा पडला असता, पण आमच्या ताई काळी चारच्या पट्टीत गातात आणि काका पांढरी दोनमध्ये. मिडीत पट्टी बदलली तरी वाद्यांचा आवाज चिरकत नाही, म्हणून मिडीच.

अडचण अशी की फायली दहा ठिकाणांहून जमवलेल्या. एका कार्यक्रमात ताई मध्येच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, या गाण्यात माह्या आवाजाचा पत्ताच नाही लागून रायला, आन् मंगाच्या गाण्यात ट्रॅकच ऐकू नाही आला." साउंडवाला प्रत्येक गाण्याला फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर-खाली करत होता, पण त्याला गाणी माहीत नसतात. तो हात घालेपर्यंत मुखडा निघून जातो. हे काम घरीच करून जायचं असं तेव्हा ठरवलं.

मिडी फायलीत आवाज नसतोच, नुसत्या सूचना असतात. १९९१ साली जनरल मिडी हा सगळ्या कीबोर्डांसाठीचा सामाईक नियम ठरला तेव्हा कोणत्या नंबरवर कोणतं वाद्य हे पक्कं झालं, फाइलीतल्या सोळा चॅनलांपैकी (प्रत्येक वाद्याची वेगळी वाट) दहावं तालवाद्यांना मिळालं. पण तीच बासरी प्रत्येक कीबोर्डवर सारखीच मोठी वाजत नाही. त्यामुळे संगणकाच्या स्पीकरवर ऐकून पातळी लावण्यात अर्थ नाही. जो कीबोर्ड स्टेजवर नेणार, त्याच्यावरच ऐकायचं. त्याच्या मास्टर व्हॉल्यूमच्या जागी मी पांढऱ्या टेपची खूण केली आणि तो तिथून हलवायचा नाही असा नियम केला.

प्रत्येक फाइल संगणकावर मिडी एडिटरमध्ये उघडली. त्यात आवाजाच्या सूचनांना कंट्रोलर म्हणतात. कंट्रोलर ७ म्हणजे त्या चॅनलचा मुख्य आवाज, ० ते १२७. कंट्रोलर ११ म्हणजे एक्स्प्रेशन, गाण्यातला चढ-उतार त्याच्यावर असतो. म्हणून ११ ला हात लावला नाही, पातळी ७ वरच बदलली. काही फायलींत सगळी चॅनलं १२७ वर चिकटलेली होती. तिथे वर जायला जागाच नाही, म्हणून हळू ट्रॅक चढवण्याऐवजी मोठे ट्रॅक उतरवले.

उतरवताना एक गोष्ट फार महत्त्वाची. सगळ्या चॅनलांमधून सरसकट २० वजा केले तर १२० चं चॅनल १०० वर येतं, म्हणजे साधारण ३ डेसिबल कमी. पण ४० चं २० वर येतं, आणि जनरल मिडीच्या शिफारशीतल्या हिशेबाने ते १२ डेसिबल कमी होतं. मागे हळूच वाजणारं व्हायोलिन त्यात गायबच. त्यापेक्षा सगळ्यांना ०.८ ने गुणायचं: १२० चे ९६, ४० चे ३२. गाण्याचा तोल तसाच राहतो आणि अख्खा ट्रॅक जवळपास ४ डेसिबल खाली येतो. स्वरांची व्हेलॉसिटी (स्वर किती जोरात दाबला त्याचा आकडा) कमी करून हे करू नये. बऱ्याच कीबोर्डांवर हळू दाबलेल्या स्वराचा पोतच वेगळा असतो.

सगळ्यात जास्त वेळ एका विचित्र प्रकाराने खाल्ला. काही गाणी अधूनमधून जवळजवळ मुकी वाजायची, आणि तीच गाणी एकटी लावली की ठणठणीत! कारण आधीच्या गाण्यात होतं. त्याचा शेवट हळूहळू विरत जाणारा, म्हणजे कंट्रोलर ७ शेवटी शून्याजवळ आणलेला. पुढच्या फाइलीत त्या चॅनलचा आवाज सुरुवातीला लिहिलेलाच नसेल, तर कीबोर्ड जुनाच आकडा धरून बसतो. रिसेट ऑल कंट्रोलर्स या सूचनेने एक्स्प्रेशन पूर्ववत होतं, व्हॉल्यूम नाही. उपाय एकच: प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीला तालाचा एक रिकामा बार घालायचा आणि त्याच्यात सोळाही चॅनलांचं वाद्य, व्हॉल्यूम, पॅन (आवाज डावीकडे की उजवीकडे) आणि एक्स्प्रेशन लिहून टाकायचं. काम कंटाळवाणं आहे, पण यात एकही फाइल सोडू नये असं माझं ठाम मत आहे.

मोफत मिळणारा लाउडनेस मीटरही लावून पाहिला. सगळे ट्रॅक एका आकड्यावर आणले, तरी दोन गाण्यांत ताईंचा आवाज बुडत होता. मीटर अख्ख्या ट्रॅकचा आवाज मोजतो. जाड व्हायोलिनचा थर बाईच्या आवाजाच्याच जागेत बसलेला आहे हे त्याला कसं कळणार? तेव्हा मीटर बाजूला ठेवून सगळ्यात नीट बसणारं एक गाणं माप म्हणून धरलं. ताईंना माइकवर उभं केलं, माइकचा फेडर एका जागी ठेवला आणि प्रत्येक ट्रॅक त्यांच्या आवाजाखाली बसवला. अंतऱ्यातल्या वरच्या सुरावर शब्द स्पष्ट आला की पुढचं गाणं. दहाव्या चॅनलवरची ढोलकी बंदच केली. ती समोर वाजते आहे ना.

काकांच्या पट्टीसाठी गाणी उतरवल्यावर बेस ऐकू येईना. बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची, त्याहून खाली गेलं की आपल्याकडचे साधे स्पीकर हात टेकतात. व्हॉल्यूम वाढवून काही झालं नाही, बेस एक सप्तक वर नेल्यावर झालं.

सोयाबीन निघाल्यावर खळं मोकळं झालं, तिथे पार्टीचे स्पीकर लावून संध्याकाळी सगळी यादी वाजवली. घरी हळू आवाजात बेस कमी वाटतो आणि आपण तो वाढवत नेतो. कानाचा हा स्वभाव फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच मांडला होता. खळ्यावर पूर्ण आवाजात तो बेस डोक्यावर बसला, तिथे तो बराच उतरवावा लागला. काका लांब बांधावर जाऊन बसले होते, तिथून ओरडून सांगायचे, "बोल समजून रायले!"

आता साउंडवाल्याकडे दोन वायरी देतो. डाव्या बाजूला पॅन केलेला बेस आणि ताल, उजवीकडे बाकी वाद्यं. त्याला दोनच फेडर सांभाळायचे, आणि मैदान बघून बेस कमी-जास्त करता येतो. लावण्यांचे ट्रॅक अजून व्हायचे आहेत, तुळशीच्या लग्नाआधी तेवढे उरकतो.