नानांच्या लॉनवर फौजदारी

आमच्या कुत्रीचं नाव फौजदारी. लोकं हसतात, पण त्यात आमचा काही दोष नाही, घरात आली त्याच दिवशी तिनं आमच्या खानदेशी फौजदारी डाळीचं पातेलं कलंडवलं आणि पोरीनं जागच्या जागी बारसं उरकून टाकलं. गावठीच आहे, रंग कळण्याच्या भाकरीसारखा, ना धड काळा ना धड पांढरा. नाव ठेवताना कोणी पुढचा विचार केला नाही. पुढचं म्हणजे असं, की एक दिवस सकाळी सहाला समोरचे नाना गेटातून ओरडले, "ओ भाऊ, तुमची फौजदारी माझ्या लॉनवर!" आणि बाजूच्या ओट्यावर बसलेल्या वकीलसाहेबांनी हातातला पेपर खाली ठेवला.

नाना अमळनेरकडचे. आयुष्य कापसात गेलं, गुडघे बोलायला लागले तेव्हा पोरानं जळगावला आणलं. घरापुढे चार खाटा मावतील एवढी जागा होती तिथं लॉन लावलं. आता गंमत बघा, नर्सरीवाल्यानं पैसे घेऊन जे लावून दिलं ती शेवटी हरळीच. म्हणजे जी हरळी शेतातून खोदून काढता काढता नानांची कंबर गेली, एक कांडी राहिली तरी पावसाळ्यात पुन्हा वावरभर, तीच आता विकत आणून, पाईपनं पाणी घालून, वर तिची कटिंग करायला महिन्याला माणूस. नानांना हे कळत नाही असं नाही, ते स्वतःच हसतात यावर. पण जीव लावलाय. मे महिन्यात इथं पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, नळाला रोज पाणी नसतं, तेव्हा अंगणात गवत हिरवं ठेवणं म्हणजे घरात एक दुभतं जनावर ठेवल्यासारखंच आहे.

आणि उन्हाळ्यामुळेच माझीही पंचाईत. नऊ वाजता डांबरी रस्त्यावर हाताची पालथी बाजू टेकवून बघा, पाच सेकंद ठेववत नाही, मग कुत्र्याच्या पायांचं काय होत असेल. म्हणून आम्ही निघतो पहाटे साडेपाचला, आणि नेमकी तीच वेळ गल्लीत सडा-रांगोळीची. आमच्याकडे अंगणाची हद्द कंपाउंडला संपत नाही, जिथपर्यंत सडा पडतो तिथपर्यंत ज्याचं त्याचं अंगण, कधीकधी ते अर्ध्या रस्त्यापर्यंत येतं. हे नकाशावर नसतं पण सगळ्यांना पाठ असतं, फक्त फौजदारीला सोडून. तिचा नकाशा वासाचा. तरी रांगोळ्यांवरून तिला मी उचलून न्यायला लागलो, पण नानांच्या गेटाची खालची पट्टी गंजून पडलीये, त्या फटीतून पट्ट्यासकट कधी आत जाते ते कळत नाही.

महिनाभरात लॉनवर ताटलीएवढे पिवळे डाग दिसायला लागले. गल्लीत भटकी कुत्री कमी नाहीत, पाच-सहा तरी असतील, पण दोष येतो पट्टा असलेल्यावर, कारण पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बोलून घ्यायला माणूस सापडतो. नाना चिडले की थेट अहिराणीवर येतात. म्हणाले, "तिले समजत नही, तुले ते समजस ना?" यावर काय बोलणार.

मग कुणाच्या तरी सांगण्यावरून नानांनी गेटाजवळ लाल पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. हा प्रकार महाराष्ट्रात कोणी काढला देव जाणे, पण गल्लोगल्ली दिसतो. आता कुत्र्याला निळं-पिवळं दिसतं, लाल आणि हिरवं त्याला वेगळं करता येत नाही, म्हणजे तुम्ही कितीही भडक कुंकू कालवा, त्याच्या दृष्टीनं ती मळकट पाण्याची बाटली. फौजदारीनं तिसऱ्या दिवशी बाटलीच्याच बुडाशी बैठक मारली. नानांनी खिडकीतून बघितलं आणि मला वाटतं त्या दिवशी पहिल्यांदा ते हसले.

संध्याकाळी माफी मागायला गेलो, व्हॉट्सअपवर एक उपाय आला होता तोही सांगितला, की कुत्र्याच्या लघवीत ॲसिड असतं म्हणून गवत जळतं, पाण्यातून खायचा सोडा द्या. नाना म्हणाले सोडा भज्यात टाक. मला हाताला धरून डागापाशी नेलं, म्हणे नीट बघ, मधे जळलंय पण कडेनं काय दिसतं? कडेनं गोल रिंगण होतं, बाकी लॉनपेक्षा गडद हिरवं. म्हणे हे ॲसिड नाही, हा युरिया आहे. गोणीतल्या युरियात 46 टक्के नत्र, कपाशीच्या बुडाशी मूठभर जास्त पडला आणि वर पाणी नसलं की झाड करपतं, हेही तेच. मधे डोस जास्त झाला, कडेला बरोबर बसला. कुत्रा तंगडी वर करून चार ठिकाणी शिंपडत जातो, कुत्री एका जागी बसून मोकळी होते, म्हणून डाग कुत्रीचे जास्त. चाळीस वर्षं खत टाकलेला माणूस, त्याला हे समजायला एक कप चहा लागला. उपाय पण त्यांचाच, तिथल्या तिथं भरपूर पाणी ओतायचं, खत पातळ होतं.

तेव्हापासून मी फिरायला जाताना पाण्याची बाटली नेतो. पण विचार करा, पहाटे साडेपाचला, धड उजाडलेलं नसताना, हातात पाण्याची बाटली घेतलेला माणूस ओपन प्लॉटच्या दिशेनं चाललाय. उघड्यावर बसणाऱ्यांना पकडणाऱ्या गुड मॉर्निंग पथकाच्या काळात तर मला हार घालूनच परत पाठवलं असतं. बाहेरगावाहून आलेल्या एका पाहुण्यांनी मला विचारलं पण, की एवढ्या मोठ्या घरात संडास नाही का हो? कुत्री दाखवली तरी चेहऱ्यावरून विश्वास बसल्यासारखं वाटलं नाही. दुसऱ्या हातात पिशवी असते, ती कशासाठी ते सांगायला नको. एकदा कोपऱ्यावरच्या मावशींनी लांबून विचारलं, "मेथी कशी मिळाली?" मी नुसती मान हलवली आणि चालण्याचा स्पीड वाढवला.

पण खरी अडचण अजून वेगळीच होती. हरळी म्हणजेच दुर्वा हे आपण विसरतो. डागांचं प्रकरण झाल्यावर आमच्या घरानं तिथल्या दुर्वा घेणं गुपचूप बंद केलं, नाना-नानींना काय कळलं माहीत नाही, बाकी गल्लीला तर काहीच कळलं नव्हतं. परवा संकष्टीला नानी सकाळीच टोपली घेऊन लॉनमध्ये बसल्या होत्या, कोवळ्या तीन पानांच्या दुर्वा वेचत, आणि मी बघतोय की त्या सरकत सरकत बरोबर गडद हिरव्या रिंगणापाशी आल्या. नाना पाईप धरून उभे होते. मी नानांकडे बघितलं, नानांनी माझ्याकडे बघितलं, आणि मग एकदम पाईपच्या नोझलमध्ये काहीतरी अडकल्यासारखं करायला लागले.

"यंदा इथं दुर्वा काय मस्त आल्यात," नानी म्हणाल्या, आणि एकवीसची एक जुडी बांधून माझ्या हातात दिली, "घ्या, तुमच्या गणपतीला."

नाही कसं म्हणणार. घेतली. घरी आल्यावर फौजदारीनं जुडीचा वास घेतला आणि ओळखीचं माणूस भेटावं तशी शेपूट हलवायला लागली. बायकोला म्हणलं, जरा जास्त पाण्यानं धू.