पालीला घाबरणाऱ्या बाईचं अंदमान

आमच्या अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, सेल्युलर जेल बघायचं होतं. सावरकरांना १९११ मध्ये जिथे नेऊन कोंडलं ती कोठडी डोळ्यांनी बघायची, एवढंच त्यांचं म्हणणं. लेकीला समुद्र हवा होता. मला मात्र काही म्हणजे काही नको होतं, कारण मी पालीला घाबरते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाल दिसली तर आमच्याकडे त्या दिवशी भाकऱ्या बाहेरून येतात. आणि अंदमान म्हणजे जंगल, पाऊस, दमट हवा.

तिकिटं निघाल्यावर मी ओळखीतल्या एका सर्पमित्रांना फोन लावला. जुळे सोलापूरकडे कुणाच्या घरात साप निघाला की यांनाच बोलावतात. ते आधी हसले. "वहिनी, घोणस आणि फुरसं अंदमानात नाहीतच. ते दोघं आपल्याकडे. तुम्ही उलट त्यांच्यापासून लांब चाललाय." मग नीट सांगितलं. तिथला नाग वेगळा, मण्यार वेगळा, शिवाय झाडाझुडपांत चापड्याच्या जातीतला एक विषारी साप असतो. आपल्या देशातलं प्रतिविष, म्हणजे सर्पदंशावरचं औषध, तयार होतं ते इकडच्या नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर. त्यामुळे तिथल्या सापांवर ते पुरेसं पडेलच असं नाही. चावलंच तर वेळ न घालवता सरकारी दवाखाना गाठायचा, पण मुळात चावायची वेळच येऊ द्यायची नाही. रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही, बॅगेची चेन उघडी ठेवायची नाही, बूट झटकून घालायचे. बूट झटकायचं आम्हाला नवीन नव्हतं. माझं माहेर माळरानावरचं, विंचवाच्या धाकाने तिथे पोरंसुद्धा चप्पल उलटी करून मगच पाय घालतात.

नवऱ्याने झुरळांचा स्प्रे बॅगेत टाकला होता. तो विमानात चालत नाही म्हणून काढायला लावला. शेंगाचटणी आणि कडक भाकरी मात्र घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरली, नाहीतर तिथल्या मुंग्यांनीच जेवण उरकलं असतं. रेल्वेने चेन्नई आणि पुढे विमानाने पोर्ट ब्लेअर, ज्याचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. कोठडीत अण्णा बराच वेळ काही न बोलता उभे राहिले. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

खरी परीक्षा हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला. बांबूच्या झोपड्या फोटोत फार सुरेख दिसतात, पण त्यांच्या भिंतींना फटी असतात. मी हट्टाने सिमेंटची खोली घ्यायला लावली होती. तरी पहिल्याच रात्री बाथरूममधून आवाज आला, "टो-के, टो-के". एखाद्याने मुद्दाम खोड काढावी इतका स्पष्ट. आरशामागून डोकं बाहेर आलं, टोके नावाच्या मोठ्या पालीचं. निळसर राखाडी अंगावर नारिंगी ठिपके, पिवळे डोळे, आणि लांबी आपल्या घरातल्या पालीच्या दुपटीहून जास्त.

मी किंचाळले असणार, कारण केअरटेकर धावत आला. बंगाली मुलगा. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं सरकारने या बेटावर वसवली, त्यातल्याच एका घरातला. आत डोकावून शांतपणे म्हणाला, "दीदी, ये तो रूम का ही है." मी म्हटलं, याला आधी बाहेर काढ. तर तो म्हणे, हा झुरळं खातो, गोम खातो. विष नाही, पण हात लावलात तर असा चावतो की लवकर सोडत नाही. आणि इथली गोम वीतभर लांब असते, ती डसली की माणूस रात्रभर बसून काढतो. आता तुम्हीच सांगा, दोघांपैकी कोण हवंय?

असा सौदा माझ्यासमोर आजवर कुणी ठेवला नव्हता. मी टोके निवडला.

मग त्याच्याशी वागायची एक रीत बसवली. आत जाण्याआधी दिवा लावायचा, दारावर टकटक करायची आणि थोडं थांबायचं. तेवढ्यात तो आरशामागे सरकायचा. त्यालाही माझं तोंड बघायची हौस नव्हती. नवरा हसायचा, पण टकटक तोही करायला लागला.

पडद्यामागे एकदा तळहाताएवढा चपटा कोळी निघाला, पोटाखाली अंड्यांची पांढरी गोल पिशवी धरलेला. हा जाळं विणत नाही, पळून शिकार करतो, झुरळंच खातो. लेकीने त्याच्यावर ग्लास ठेवला, खालून पोस्टकार्ड सरकवलं आणि बाहेर सोडून आली. हे मी पलंगावर उभी राहून पाहिलं. केळीच्या पानावर हिरवागार, पाठीवर लाल ठिपके असलेला एक प्राणी बसला होता, त्याला तर मी चक्क "किती गोड" म्हणाले. तीही पालच निघाली, दिवसा हिंडणारी, जगात फक्त अंदमानातच सापडणारी. लेक अजून चिडवते.

नील बेटावर, म्हणजे शहीद द्वीपला, ओहोटीच्या वेळी खडकाच्या कपारीत काळ्या-निळसर पट्ट्यांचा समुद्री साप विसावला होता. शेपूट वल्ह्यासारखी चपटी. विष जबर, पण स्वभाव भित्रा, त्रास दिल्याशिवाय सहसा चावत नाही, असं गाइडने सांगितलं आणि आम्हाला लांबून वळवून नेलं. एक पर्यटक फोटोसाठी काठी शोधत होता. अण्णांनी त्याला सोलापुरी मराठीत जे काही सुनावलं ते त्याला शब्दशः कळलं नसेल, पण काठी खाली पडली. मगरींच्या पाट्या जिथे होत्या तिथे आम्ही पाण्यात उतरलोच नाही. त्या पाट्या उगाच लावलेल्या नाहीत, खाडीतल्या मगरी समुद्रातही पोहतात.

एवढ्या सगळ्या मंडळींत आम्हाला चावलं कोण? सँडफ्लाय. डोळ्याला जेमतेम दिसणारी माशी. संध्याकाळी वाळूवर टॉवेल टाकून तासभर बसलो, तेव्हा काही जाणवलं नाही. दुसऱ्या दिवशी पोटऱ्यांवर लाल गांधी आणि जीव नकोसा करणारी खाज. तिला जोराच्या वाऱ्यात नीट उडता येत नाही, म्हणून वाऱ्याच्या बाजूला बसावं, वाळूवर न बसता खुर्ची घ्यावी, सकाळ-संध्याकाळ पाय झाकावेत. केअरटेकरच्या आईने खोबरेल तेल दिलं, चोपडून लावायला. तेलाच्या थरात ती चिकटते, कातडीपर्यंत पोचत नाही. उरलेले दिवस आम्ही तेलकट पायांनी फिरलो आणि नवीन गांधी जवळजवळ उठल्याच नाहीत. जुन्या मात्र सोलापूरपर्यंत सोबत आल्या. नवऱ्याने खाजवून एक चिघळवली, तिला डॉक्टरांकडून मलम आणावं लागलं.

आता वरच्या मजल्यावरचे दिवाळीनंतर निघालेत. त्या वहिनी सापांचं विचारायला आल्या होत्या. मी त्यांना तेलाची बाटली मोठी घ्या म्हटलं.