तुम्ही विचारलंत म्हणून: कोयता उचलणारा पोरगा लहान कसा?

सिडकोत किंवा पंचवटीत रात्री गाड्या फुटल्या की सकाळी मला हा प्रश्न हमखास येतो. मी नाशिकमध्ये वकिली करते, बाल न्याय मंडळापुढची प्रकरणंही बघते. त्यामुळे शेजारी, नातेवाईक, कोर्टाबाहेरचे चहावाले दादासुद्धा विचारतात, "ताई, सतरा वर्षांचा घोडा कोयता नाचवतो, आणि लहान म्हणून त्याला सोडून देता?"

सोडून देत नाहीत, हे आधी सांगते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात, किमान ७ वर्षांची शिक्षा असलेला गुन्हा १६ ते १८ वयाच्या मुलावर असेल, तर त्याची समज, परिणाम कळण्याची कुवत आणि गुन्हा कशा परिस्थितीत घडला हे मंडळ तपासतं. मग प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊ शकतं आणि तिथे प्रौढासारखा खटला चालू शकतो. दोषी ठरला तर २१ वर्षांचा होईपर्यंत सुरक्षित स्थळी ठेवतात. तोवर सुधारला नसेल तर उरलेली शिक्षा जेलमध्ये. फाशी मात्र नाही, आणि सुटकेची वाटच नाही अशी जन्मठेपही नाही. जपून वापरली तर मला ही तरतूद रास्त वाटते. जिचा मुलगा मारला गेला त्या आईला "तो लहान होता हो" एवढंच सांगायला माझी जीभ रेटत नाही.

पण माझ्याकडे येणारी बहुतेक प्रकरणं खुनाची नसतात. एक सांगते. मुलाची ओळख पटेल असं काही सांगता येत नाही, कायद्याच्या कलम ७४ नं तशी मनाई आहे आणि ती योग्यच आहे. रिक्षाची पुढची काच फोडलेली, हूड कोयत्यानं उभं फाडलेलं. पोरगा मंडळासमोर नखं कुरतडत उभा. मंडळाच्या मॅडमनी विचारलं, "रिक्षा कुणाची होती?"

"माहीत नाही."

"मग फोडली कशाला?"

"भाईनं सांगितलं."

भाईच्या वाढदिवसाचा बॅनर कुठल्या चौकात लागला होता ते त्याला पाठ होतं. रिक्षावाले काका मात्र कुठल्या गल्लीत राहतात, काचेला किती पैसे गेले, धंदा बुडाल्यावर त्या महिन्याचा हप्ता कुठून भरला, यातलं काहीच त्याच्या गावी नव्हतं.

माझ्या मते शिक्षा इथून सुरू व्हायला हवी. समुपदेशन, सामुदायिक सेवा, दंड, परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याची देखरेख, फार तर ३ वर्षं विशेष गृह म्हणजे सुधारगृह, एवढे मार्ग मंडळाच्या हातात आहेत. पण त्यात त्या काकांना जागा कुठे आहे? पोरानं त्यांच्यासमोर बसून सगळं ऐकावं, नुकसान भरायला स्वतःच्या हातानं काम करावं. उंटवाडीच्या निरीक्षणगृहात नुसते दिवस काढण्यापेक्षा हे त्याला जड जाईल, आणि जायलाच हवं. २०२४ मध्ये पुण्यात एका अल्पवयीन मुलाच्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले आणि जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध आला, तेव्हा लोक चिडले ते बरोबरच होतं. त्या निबंधाचा विषय रस्ते अपघात होता. गेलेल्या दोघांबद्दल किंवा त्यांच्या आईवडिलांबद्दल त्यात काय लिहिलं जाणार होतं?

आणि भाईचं काय? भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ नुसार मुलाला गुन्ह्यासाठी वापरणाऱ्याला ३ ते १० वर्षं कैद आहे. शिवाय गुन्हा घडलाच तर तो जणू त्यानं स्वतः केला असं धरून त्याला शिक्षा होते. एफआयआर हातात आली की मी आधी हे कलम शोधते. पोरगा पकडला आणि भाई मोकळा, तर पुढच्या वाढदिवसाला दुसरा पोरगा उभा असतो.

सुटून आल्यानंतरचं मात्र मला फारसं कुणी विचारत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे या मुलाला पुढे कुठली अपात्रता चिकटत नाही. अपिलाची मुदत संपली की रेकॉर्डही नष्ट करायचं असतं. १६ वर्षांवरच्या ज्या मुलाला बाल न्यायालयानं प्रौढासारखं दोषी ठरवलं, तेवढाच याला अपवाद. अंबड-सातपूरमधल्या कारखानदारांना माझं कळकळीचं सांगणं आहे. वेल्डिंग शिकलेला असा पोरगा दारात आला, तर त्याचं जुनं प्रकरण खोदू नका. आठवडाभर हाताखाली घ्या आणि त्याचं काम बघा.