शेण निवू द्यावे लागते : गांडूळखताचा माझा अनुभव

पदवीच्या वर्गात आम्ही मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या लावून गांडुळाचे विच्छेदन करत असू. फेरेटिमा या जातीची शंभराहून अधिक वलये मी भिंगातून मोजलेली होती आणि चौदाव्या, पंधराव्या व सोळाव्या वलयांवरचा जाड पट्टा वहीत नीट रेखाटलेला होता. म्हणून निवृत्तीनंतर साताऱ्याजवळच्या आमच्या गावी घरच्या दोन गाईंच्या शेणाचे गांडूळखत करायचे ठरवले, तेव्हा या प्राण्याची आपल्याला पुरेशी ओळख आहे असेच मी धरून चालले. पहिल्या वाफ्यातील जवळजवळ सगळी गांडुळे दोन दिवसांत मेली.

वाफा दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद होता. तळाशी उसाचे पाचट, त्यावर गोठ्यातून काढलेले ताजे शेण आणि वर ओले बारदान अशी रचना करून मी विकत आणलेली दोन किलो गांडुळे संध्याकाळी त्यात सोडली. सकाळी काही गांडुळे विटांच्या कडेवर चढून वाळलेली होती, उरलेली बारदानाच्या खालच्या बाजूला गोळा होऊन निपचित पडली होती. शेजारचे आबा येऊन उभे राहिले, त्यांनी शेणात कोपरापर्यंत हात घातला आणि लगेच बाहेर काढला. ते म्हणाले, “बाई, आत भट्टी पेटलीय. शेण आधी निवू द्या.” तापमापी खुपसली तेव्हा पारा ५२ अंशांवर गेला. जिवाणू ताजे शेण कुजवू लागतात तेव्हा ही उष्णता निर्माण होते, आणि ३५ अंशांच्या पुढे खताची गांडुळे तग धरत नाहीत.

उष्णता हे एकच कारण नव्हते. शेणात गोमूत्र मुरलेले होते आणि त्यातून सुटणारा अमोनिया नाकाला झोंबत होता. गांडुळाला फुप्फुसे नसतात, ते कातडीने श्वास घेते, हे वाक्य मी परीक्षेत किती वेळा लिहिले असेल, परंतु त्याचा अर्थ मला त्या सकाळी उमगला. हवेतील प्राणवायू कातडीवरच्या ओलसर चिकट थरात विरघळतो आणि तिथून रक्तात जातो. त्यामुळे कातडी सुकली तर हा प्राणी गुदमरतो, साचलेल्या पाण्यात प्राणवायू संपला तरी गुदमरतो, आणि अमोनिया असो, मीठ असो वा लोणच्याचा खार असो, जे कातडीला लागेल ते थेट शरीरावर परिणाम करते. वाफ्याचे सगळे नियम, म्हणजे सावली, ओलावा, भुसभुशीतपणा आणि निवलेले शेण, या एका गोष्टीतून निघतात.

दुसऱ्या वेळी मी शेण वीस दिवस सावलीत पसरून ठेवले, दर तीन दिवसांनी ते वरखाली केले आणि हात आत घातल्यावर गार लागेपर्यंत वाट पाहिली. मूठभर शेण दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये, ही ओलाव्याची खूण आबांनीच सांगितली. सगळी गांडुळे एकदम न सोडता आधी वीसच सोडली. ती दहा मिनिटांत खाली शिरली आणि सकाळीही आतच होती, तेव्हा बाकीची सोडली. शेतातील मातीत सापडणारी गांडुळे यासाठी का वापरू नयेत, असे मला अनेकजण विचारतात. ती माती खात खोल बिळे करणारी असतात, शेणाच्या वाफ्यात रमत नाहीत. खतासाठी आयसेनिया फेटिडासारखी, पृष्ठभागावरच्या कुजणाऱ्या पाल्यात राहणारी जात लागते. डिवचल्यावर तिच्या अंगातून उग्र वासाचा पिवळसर द्रव येतो, त्यावरूनच तिला फेटिडा हे नाव पडले आहे.

रात्री विजेरीला लाल कागद लावून मी वाफा पाहत असे, कारण गांडुळाला डोळे नसले तरी कातडीतील पेशींना उजेड जाणवतो आणि लाल प्रकाशाने ते फारसे बिचकत नाही. एकदा एक गांडूळ मी कोऱ्या कागदावर ठेवून कान जवळ नेला, तेव्हा बारीक खरखर स्पष्ट ऐकू आली. ती वलयांवरच्या दृढरोमांची, म्हणजे बारीक ताठ केसांची होती. वलयाभोवतीचे स्नायू आवळले की शरीर बारीक होऊन पुढे लांबते, मग पुढचे दृढरोम जमीन धरतात, लांबीचे स्नायू आखडतात आणि मागचा भाग ओढला जातो. विच्छेदनाच्या ट्रेमध्ये हे दिसणे शक्यच नव्हते.

कोशांचे दर्शन मात्र मला सर्वांत मोलाचे वाटते. प्रत्येक गांडूळ नरही असते आणि मादीही, तरी या जातीत दोन गांडुळे एकमेकांना चिकटून शुक्राणूंची देवाणघेवाण करतात. पुढे खोगिरासारख्या पट्ट्यातून स्रवलेले वलय डोक्याकडे सरकते, वाटेत अंडी आणि साठवलेले शुक्राणू घेते आणि डोक्यावरून निसटताच त्याची दोन्ही टोके मिटतात. असे लिंबासारख्या घडणीचे, पण ज्वारीच्या दाण्याहून थोडे लहान दहा कोश मी बशीत ओल्या टीपकागदावर ठेवले. फिकट पिवळे कोश हळूहळू तांबूस झाले आणि बाविसाव्या दिवशी एकातून दोऱ्यासारखी तीन पिल्ले निघाली. ती इतकी पारदर्शक होती की पाठीवरून जाणारी रक्ताची लाल रेघ भिंगातून दिसत होती. हे रक्त हिमोग्लोबिनमुळेच लाल असते, पण ते रक्तपेशींत नसून द्रवातच विरघळलेले असते.

साठाव्या दिवशी वरचा थर चहापुडीसारखा झाला. चार दिवस पाणी बंद ठेवले आणि ढीग उजेडात शंकूसारखा रचला. गांडुळे तळाशी गेली, वरचे खत मी हाताने अलगद काढून घेतले. त्यात अडकलेले कोश आता मी निवडून काढते आणि निवलेल्या शेणाच्या पुढच्या वाफ्यात परत ठेवते.